सेवांच्या रजिस्ट्रीसाठी नेमस्पेस कोणता ठरवावा? (ओएसएलसी पद्धतीचा कॅटलॉग, सोलापूरचे कारखाने)

बीम_बॉबिन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी अशा दोन्ही एमआयडीसींतल्या चादर-टॉवेल कारखान्यांचं सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडायचं आहे. ऑर्डर, सुताचा साठा आणि माल रवानगी अशा तीन सेवा. प्रत्येक कारखान्याचा सर्व्हर वेगळा, तो लिहिणारे लोकही वेगळे. कुठली सेवा कुठे आहे आणि ती काय देते हे एका जागी कळावं म्हणून रजिस्ट्री उभी करतोय. रचना ओएसएलसीची (वेगवेगळी सॉफ्टवेअर वेबवरून एकमेकांशी जोडायच्या खुल्या मानकाची) घेतली आहे: वर सर्व्हिस प्रोव्हायडर कॅटलॉग, त्याखाली कारखान्यागणिक सर्व्हिस प्रोव्हायडर, त्याखाली सर्व्हिस, आणि सर्व्हिसमध्ये क्वेरी कपॅबिलिटी व क्रिएशन फॅक्टरी. सगळं टर्टलमध्ये (आरडीएफ, म्हणजे तीन-तीन पदांच्या छोट्या वाक्यांत मांडलेला डेटा, मजकूर म्हणून लिहायची पद्धत).

ओएसएलसी आणि डब्लिन कोअर (शीर्षक, तारीख अशा सामान्य माहितीचा प्रचलित शब्दसंग्रह) यांचे शब्द पुरतात तिथे तेच वापरलेत. पण जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), रीड-पिक (ताण्या-बाण्याची घनता), पाईलचं सूत, जकार्डचं डिझाइन यांच्यासाठी आपले शब्द लागणार. चाचणीपुरता नेमस्पेस (प्रत्येक शब्दाच्या ओळखीआधी लागणारा सामाईक पत्ता) असा ठेवला होता (पत्ते इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये रोमनच आहेत):

एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:८०८०/रजिस्ट्री/व्ही१/

आता त्यात दोन कारखान्यांचा डेटा भरला गेलाय, म्हणजे आत्ताच ठरवायला हवं. डोमेन कुणाच्या नावाचं घ्यावं? आवृत्ती पत्त्यात ठेवावी का? शेवटी हॅश की स्लॅश? एचटीटीपी की एचटीटीपीएस? आणि भरलेला डेटा न मोडता नव्या नेमस्पेसवर कसा आणायचा?

---

त्रिपद

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, तुमच्या सध्याच्या पत्त्यात त्या एकमेकींत अडकल्या आहेत. रजिस्ट्रीच्या प्रत्येक नोंदीत एक ठिकाण असतं आणि एक ओळख असते. ठिकाण म्हणजे क्वेरी बेस किंवा क्रिएशन फॅक्टरीचा पत्ता, जिथे विनंती जाऊन पोचते. ते बदलणारच. सर्व्हर बदलला की कॅटलॉगमधली एक ओळ बदलायची, रजिस्ट्री असतेच त्यासाठी. ओळख म्हणजे नेमस्पेस. तो क्लायंटच्या कोडमध्ये, साठवलेल्या डेटात, शेपमध्ये (नोंदीत कोणते गुणधर्म हवेत ते सांगणाऱ्या नमुन्यात), कुणीतरी एक्सेलला जोडलेल्या स्क्रिप्टमध्ये जाऊन बसतो. एकदा पसरला की तो परत गोळा करता येत नाही.

ओएसएलसीत हे कुठे दुखतं ते सांगतो. सर्व्हिसवर 'ओएसएलसी:डोमेन' हा गुणधर्म असतो. तो बरोबर एकदाच यावा लागतो, आणि त्यात सेवा ज्या विषयाची आहे त्या विषयाच्या नेमस्पेसचा यूआरआय (वेबच्या पत्त्यासारखी ओळख) लिहायचा असतो. चेंज मॅनेजमेंटची सेवा असेल तर 'एचटीटीपी://ओपन-सर्व्हिसेस.नेट/एनएस/सीएम#'. क्लायंट कॅटलॉग उतरवून घेतो, एकेक सर्व्हिस चाळतो आणि हा यूआरआय आपल्याला हवा तोच आहे का हे अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. जुळला नाही तर ती सेवा त्याच्या दृष्टीने नाहीच. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही, यादी नुसती रिकामी दिसते. रजिस्ट्रीतल्या नेमस्पेसची चूक शोधायला एवढी अवघड जाते ती याच कारणाने.

आता आवृत्ती. माझं मत स्पष्ट आहे: शब्दसंग्रहाच्या नेमस्पेसमध्ये आवृत्ती घालू नका. ओएसएलसीचाच इतिहास बघा. पहिल्या पिढीत कॅटलॉगचे शब्द 'एचटीटीपी://ओपन-सर्व्हिसेस.नेट/एक्सएमएलएनएस/डिस्कव्हरी/१.०/' या नेमस्पेसमध्ये होते आणि चेंज मॅनेजमेंटचे '.../एक्सएमएलएनएस/सीएम/१.०/' मध्ये. कोअर २.० आलं तेव्हा हे सगळं '.../एनएस/कोअर#' आणि '.../एनएस/सीएम#' असं बिनआवृत्तीचं झालं. कुठली आवृत्ती हवी ते क्लायंट 'ओएसएलसी-कोअर-व्हर्जन' या एचटीटीपी हेडरमधून सांगू लागला. पुढे कोअर ३.० आलं, ते २०२१ मध्ये ओएसिसचं मानक झालं, तरी नेमस्पेस तोच राहिला. पण पहिल्या पिढीचा १.० काही गेला नाही. आयबीएमच्या जॅझ प्रणालीच्या रूट सर्व्हिसेस दस्तऐवजात सीएम प्रोव्हायडरांचा दुवा द्यायचा गुणधर्म अजूनही 'सीएम/१.०/' मधलाच आहे, पलीकडे सेवा २.० ची असली तरी. नवा माणूस ते वाचून हमखास गोंधळतो.

फोफ या माणसांची माहिती मांडायच्या शब्दसंग्रहाचंही तसंच: 'एचटीटीपी://एक्सएमएलएनएस.कॉम/फोफ/०.१/'. तो ०.१ कायमचा झाला, कारण बदलला असता तर तोवरचा सगळा डेटा परका ठरला असता.

आरडीएफमध्ये नवा शब्द वाढवल्याने जुनं काही मोडत नाही. एखादा शब्द चुकीचा ठरलाच तर तो तिथेच राहू द्या, त्यावर 'आउल:डेप्रिकेटेड' खरं करा आणि शेजारी नवा शब्द द्या. अर्थ मात्र कधी बदलू नका. 'जीएसएम' या शब्दाचा अर्थ आज धुण्याआधीचं वजन असेल आणि उद्या धुतल्यानंतरचं, तर त्यापेक्षा दोन वेगळे शब्द करा.

---

एनव्हलप_वाला

त्रिपद सर, तुमचं म्हणणं शब्दसंग्रहापुरतं बरोबर आहे, पण सरसकट नाही. संदेशाच्या सांगाड्यासाठी आवृत्ती नेमस्पेसमध्ये असणं उपयोगाचं असतं. सोप हे एक्सएमएल संदेश पाठवायचं मानक घ्या: १.१ चा नेमस्पेस 'स्कीमाज.एक्सएमएलसोप.ऑर्ग/सोप/एनव्हलप/' आणि १.२ चा 'डब्ल्यू३.ऑर्ग/२००३/०५/सोप-एनव्हलप'. सोपमध्ये आवृत्तीसाठी वेगळा आकडा नाहीच, नेमस्पेस हीच आवृत्ती. १.१ समजणाऱ्या सर्व्हरला १.२ चं एनव्हलप आलं की तो 'व्हर्जन मिसमॅच' दोष परत पाठवतो. तिथे कडक नकार हवाच असतो, अर्धवट समजून पुढे जाणं धोक्याचं. यूडीडीआय ही सेवांची जुनी रजिस्ट्री, तीही याच वाटेची: 'यूआरएन:यूडीडीआय-ऑर्ग:एपीआय_व्ही२', मग 'एपीआय_व्ही३'.

बीम_बॉबिन, तुमची रवानगीची सेवा जर एक्सएसडीने (एक्सएमएलच्या रचनेच्या नियमांनी) तपासलेला एक्सएमएल संदेश घेत असेल तर त्या संदेशाच्या नेमस्पेसमध्ये आवृत्ती ठेवा. फक्त मोठा आकडा, १ किंवा २. १.०.३ असलं काही नको, नाहीतर स्पेलिंग सुधारलं तरी सगळ्यांचे पार्सर बंद पडतील.

एक्सएमएल असेल तर आणखी एक खड्डा आहे. डीफॉल्ट नेमस्पेस ॲट्रिब्यूटना लागू होत नाही. एलिमेंटवर 'एक्सएमएलएनएस' लावला म्हणून आतलं बिनप्रीफिक्सचं ॲट्रिब्यूट त्या नेमस्पेसमध्ये जात नाही, ते नेमस्पेसविनाच राहतं. एक्सपाथने शोधणाऱ्याला मग काहीच सापडत नाही.

---

त्रिपद

मान्य. सांगाड्यात आवृत्ती हवी, शब्दसंग्रहात नको, असं म्हणू या. यांच्या कॅटलॉगला यातला दुसरा, म्हणजे शब्दसंग्रहाचा नियम लागू होतो.

---

होटगी_रोड

डोमेनबद्दल. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खाजगी जाळ्याचा आहे. तोच पत्ता निम्म्या एमआयडीसीत कुणाच्या तरी राउटरवर किंवा प्रिंटरवर असणार. नेमस्पेस जगात एकमेव असला पाहिजे आणि त्याचा आधार डोमेनच्या मालकीत आहे, म्हणून आयपी, 'लोकलहोस्ट' आणि अंतर्गत सर्व्हरचं नाव हे तिन्ही बाद.

सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्याचं डोमेनही नको. कंत्राट संपलं की नाव त्याच्याकडेच राहतं. एखाद्या कारखान्याचं डोमेन घेतलं तर बाकीचे कारखाने ते मनापासून वापरणार नाहीत. सगळ्यांच्या सामाईक संस्थेच्या नावावर नवं डोमेन घ्या, नोंदणीचा ईमेल एका माणसाचा न ठेवता संस्थेच्या पदाचा ठेवा, आणि पैसे एकदम भरा. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी करता येते. डोमेन सुटलं तर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो आणि तुमच्या शब्दांच्या पत्त्यावर त्याला हवं ते ठेवू शकतो.

हा भार नको असेल तर 'डब्ल्यू३आयडी.ऑर्ग' हा चांगला मार्ग आहे. कायमस्वरूपी ओळखींसाठी डब्ल्यू३सीच्या कम्युनिटी ग्रुपने चालवलेली ही पुनर्निर्देशनाची सोय आहे. गिटहबवरच्या त्यांच्या रिपॉझिटरीत आपल्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात एचटीॲक्सेस फाइल आणि देखभाल कोण करतं ते सांगणारी रीडमी ठेवायची, आणि पुल रिक्वेस्ट द्यायची. मग 'डब्ल्यू३आयडी.ऑर्ग/तुमचं-नाव/' ही ओळख कायम राहते आणि खरी फाइल कुठे आहे ते एचटीॲक्सेसमध्ये हवं तेव्हा बदलता येतं. पर्ल ही पुनर्निर्देशनाची दुसरी सोयही याच कामाची. डब्लिन कोअरचे शब्द आजही 'पर्ल.ऑर्ग/डीसी/टर्म्स/' वर आहेत. पर्लची व्यवस्था २०१६ मध्ये ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेकडून इंटरनेट आर्काइव्हकडे गेली, पण शब्दांचे पत्ते होते तेच राहिले. ओळख आणि ठिकाण वेगळं ठेवल्याचा फायदा तो हा.

मनाने 'यूआरएन:सोलापूर:ऑर्डर' असलं काही करू नका. यूआरएनचा दुसरा भाग आयएएनए या इंटरनेटच्या नोंदणी-संस्थेकडे नोंदवलेला लागतो, आणि पूर्वी प्रयोगापुरती जी 'एक्स-' ची सवलत होती ती २०१७ च्या आरएफसी ८१४१ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) काढून टाकली. डोमेन आहे पण वेबवर काही ठेवायचंच नसेल, तर 'टॅग:' यूआरआय घ्या, आरएफसी ४१५१. त्यात डोमेनसोबत तारीख लिहितात, म्हणजे त्या तारखेला ज्याच्याकडे डोमेन होतं त्याचीच ती ओळख. पुढे डोमेन दुसऱ्याकडे गेलं तरी टक्कर होत नाही. पण टॅग उघडून बघता येत नाही. रजिस्ट्री वाचणाऱ्या नव्या माणसाला शब्दाचा अर्थ तिथेच मिळाला पाहिजे असं वाटत असेल तर वेबचाच पत्ता घ्या.

---

टर्टल_वाचक

हॅश की स्लॅश, हे शब्द किती आहेत त्यावर ठरवा. हॅशनंतरचा भाग ब्राउझर किंवा क्लायंट सर्व्हरकडे पाठवतच नाही. म्हणजे '.../एनएस/विणकाम#जीएसएम' मागितलं तरी सर्व्हरला फक्त '.../एनएस/विणकाम' दिसतं आणि पूर्ण फाइल एकदम मिळते. दीडशे-दोनशे शब्दांपर्यंत हेच सोपं: एक फाइल, एक पत्ता, सर्व्हरवर काही खास सेटिंग नाही. स्लॅशमध्ये प्रत्येक शब्दाचा पत्ता वेगळा, आणि तो शब्द म्हणजे कागद नव्हे हे सांगायला ३०३ ने दस्तऐवजाकडे पाठवायची पद्धत आहे. हजारो शब्दांच्या संग्रहाला ते परवडतं. तुमच्या कामाला हॅश.

शेवटचं चिन्ह विसरू नका. आरडीएफमध्ये नेमस्पेस आणि शब्द नुसते एकापुढे एक चिकटवले जातात, मध्ये काहीही आपोआप येत नाही. प्रीफिक्सच्या ओळीत हॅश राहिला तर '.../एनएस/विणकाम' अधिक 'जीएसएम' म्हणजे '.../एनएस/विणकामजीएसएम' होतं. टर्टल पार्सर हे बिनतक्रार स्वीकारतो, कारण यूआरआय म्हणून ते वैधच आहे.

एचटीटीपी की एचटीटीपीएस: नव्याने सुरू करताना एचटीटीपीएस घ्या. आणि जे घ्याल ते पुन्हा बदलू नका. तुलना अक्षरांची असते, त्यामुळे शेवटचा एक 'एस' असला-नसला तर दोन वेगळे नेमस्पेस. ओएसएलसीचा कोअर नेमस्पेस एचटीटीपीने सुरू होतो. आजच्या रिवाजाप्रमाणे नीटनेटकं करायचं म्हणून एखाद्याने स्वतःच्या फाइलमध्ये तो एचटीटीपीएस केला की त्याचा कॅटलॉग इतरांना दिसेनासा होतो. सर्व्हरवर एचटीटीपीकडून एचटीटीपीएसकडे रीडायरेक्ट आहे म्हणून दोन्ही एकच, असं समजू नका. रीडायरेक्ट फाइल आणताना लागू होतो, ओळख जुळवताना नाही. कॅपिटल-स्मॉलचा फरक, '%७ई' आणि '~' यांतला फरक, डोमेनपुढचं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', प्रत्येकाला हेच लागू. एक्सएमएल नेमस्पेसच्या १९९९ च्या शिफारशीपासून हा नियम तसाच आहे.

पत्त्यावर फाइल ठेवली की एकदा कर्ल या कमांडने तपासा. 'ॲक्सेप्ट' हेडरमध्ये 'टेक्स्ट/टर्टल' दिलं तर टर्टल आणि 'टेक्स्ट/एचटीएमएल' दिलं तर वाचता येईल असं पान आलं पाहिजे. ब्राउझरमधून वाचणारे क्लायंट असतील तर कॉर्सचं (दुसऱ्या साइटवरच्या पानाला वाचायची परवानगी देणारं) हेडरही लागेल.

मात्र क्लायंटने ही फाइल चालू होताना दर वेळी आणायची नाही. तिची प्रत प्रोग्रॅमसोबतच द्यायची. २००८ मध्ये डब्ल्यू३सीने जाहीर केलं होतं की त्यांच्या साइटवर डीटीडी (दस्तऐवजाच्या रचनेची फाइल) मागणाऱ्या विनंत्या दिवसाला १३ कोटींपर्यंत जातात, आणि त्यातल्या बहुतेक असल्या सॉफ्टवेअरच्या की ज्यांनी तीच फाइल एकदा आणून जपून ठेवायला हवी होती. तुमच्याकडे आकडा छोटा असेल, पण दुपारी लाइट गेल्यावर सामाईक सर्व्हर बंद आणि त्यापायी चिंचोळीतली ऑर्डर अडकली, असं होता कामा नये.

---

बीम_बॉबिन

मनापासून आभार. तीन गोष्टी अजून विचारतो. कारखान्यांतल्या लोकांना शब्द मराठीत हवेत, तर नेमस्पेस आणि शब्द देवनागरीतच ठेवले तर? दुसरं, नव्या मागांची माहिती ओपीसी यूएमधून (यंत्रांचा डेटा देण्याघेण्याच्या मानकातून) येते, तिथेही 'नेमस्पेस' हाच शब्द आहे, तो हाच का? तिसरं, पुढे ओएनडीसीवर (ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्यावर) माल विकायचा झाला तर या ओळखी तिथे चालतील का?

---

रफार_ताई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण हा आपल्या भाषेचाच खड्डा आहे आणि इंग्रजी पुस्तकात तो सापडणार नाही.

तांत्रिकदृष्ट्या चालतं. आरएफसी ३९८७ मुळे आयआरआयमध्ये देवनागरी अक्षरं येऊ शकतात आणि आरडीएफ १.१ आयआरआयच वापरतं. पण तुलना अक्षर जसं दिसतं त्यावर होत नाही, त्यामागच्या युनिकोड आकड्यांवर होते. 'व्यापाऱ्यांचीयादी' असा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो: ऱ (यू+०९३१), हलन्त आणि य, किंवा साधा र (यू+०९३०), हलन्त, झिरो-विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावलं तरी ते एक होत नाहीत, कारण जॉइनर तसाच शिल्लक राहतो. एका कारखान्यात इनस्क्रिप्ट आणि दुसऱ्यात फोनेटिक कीबोर्ड असला की तुमच्या रजिस्ट्रीत एकाच शब्दाचे दोन शब्द होणार, आणि डोळ्यांनी फरक कळणार नाही. कॉपी-पेस्ट करताना काही एडिटर जॉइनर गाळतात, तो तिसरा घोळ.

डोमेनचंही तसंच. '.भारत' खाली देवनागरी नाव घेता येतं, पण डीएनएसमध्ये ते 'एक्सएन--' ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात असतं. नेमस्पेसमध्ये एकाने देवनागरी रूप लिहिलं आणि दुसऱ्याने रोमन, तर पान एकच उघडेल, पण ओळखी दोन होतील.

म्हणून ओळख रोमनमध्ये ठेवा: साधी अक्षरं, आकडे, फार तर आडवी रेघ. मराठी ठेवा लेबलमध्ये. प्रत्येक शब्दाला 'आरडीएफएस:लेबल' दोनदा द्या, एकावर भाषेचा टॅग 'एमआर' आणि दुसऱ्यावर 'ईएन'. 'आरडीएफएस:कमेंट' मध्ये मराठीत दोन ओळींचा अर्थ. स्क्रीन लेबलवरून दाखवायची. 'पाईलचं सूत', 'ताण्याचं सूत' हे शब्द कामगारांना त्यांच्याच बोलीत दिसतील. लेबल पुढे सुधारलं तरी काही मोडत नाही. कारखान्यात तेलुगू बोलणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी 'टीई' टॅगचं तिसरं लेबल त्याच शब्दावर बसतं. ओळखच मराठी केली असती तर ही सोय राहिली नसती.

---

नोड_२२५५

ओपीसी यूएचा नेमस्पेस कल्पनेने तोच आहे, वापरताना मात्र वेगळा पडतो. तिथेही नेमस्पेस म्हणजे यूआरआयच, पण संदेश छोटा राहावा म्हणून प्रत्येक नोडच्या (सर्व्हरवरच्या एकेका नोंदीच्या) ओळखीत यूआरआयऐवजी त्याचा अनुक्रमांक जातो. तो क्रमांक सर्व्हरच्या 'नेमस्पेस ॲरे' मधला. ० नेहमी 'एचटीटीपी://ओपीसीफाउंडेशन.ऑर्ग/यूए/', १ हा त्या सर्व्हरचा स्वतःचा. २ पासून पुढचे त्या सर्व्हरवर जे जसे चढले असतील तसे.

इथेच चूक होते. 'एनएस=२;एस=माग१.पिक' असं रजिस्ट्रीत साठवलं, पुढे सर्व्हरवर एखादं नवं मॉड्यूल चढलं, रीस्टार्टनंतर जुना २ आता ३ झाला, आणि रजिस्ट्री भलताच नोड वाचू लागली. नशीब असेल तर नोड सापडत नाही म्हणून एरर येते. नसेल तर त्याच नावाचा दुसरा नोड असतो आणि चुकीचा आकडा महिनाभर अहवालात जातो. म्हणून साठवताना यूआरआय साठवा, 'एनएसयू=' च्या रूपात. प्रत्येक सेशन जुळताच नोड 'आय=२२५५' वाचा, तोच नेमस्पेस ॲरे, आणि त्यातून त्या वेळचा क्रमांक काढा.

मागाच्या सर्व्हरचा ॲप्लिकेशन यूआरआय त्याच्या सर्टिफिकेटमधल्या 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' मधल्या यूआरआयशी तंतोतंत जुळला पाहिजे. बरीच उपकरणं तो होस्टच्या नावावरून बनवतात. पीसीचं नाव बदललं की यूआरआय बदलतो, सर्टिफिकेटमध्ये जुनाच राहतो, आणि क्लायंट 'बॅड सर्टिफिकेट यूआरआय इनव्हॅलिड' म्हणून जोडणी नाकारतो. ॲप्लिकेशन यूआरआय हाताने ठरवून द्या, मगच सर्टिफिकेट बनवा.

तुमच्या आरडीएफच्या नेमस्पेसशी हे मिसळू नका. सर्व्हिसच्या नोंदीत एक गुणधर्म करा, त्यात ओपीसी यूएचा नेमस्पेस यूआरआय साधा मजकूर म्हणून ठेवा. आणि कुबरनेटीजवर काही चालवत असाल तर तिथला 'नेमस्पेस' तिसराच: तो क्लस्टरमधला कप्पा, ६३ अक्षरांपर्यंत, फक्त छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. त्याचं नाव सेवेच्या अंतर्गत डीएनएस नावात येतं, म्हणजे ते ठिकाण झालं, ओळख नव्हे.

---

एसटीडी_०२१७

ओएनडीसीबद्दल. तिथे तुमची ओळख म्हणजे सबस्क्रायबर आयडी, आणि तो तुमच्या पूर्ण डोमेननावावर बेतलेला असतो. रजिस्ट्रीत लुकअप त्यावरूनच होतो. त्यामुळे होटगी_रोड यांचा सामाईक डोमेनचा सल्ला इथे लावायचा नाही. विकणारा जो असेल त्याचं डोमेन लागेल.

मालाचा विषय संदेशाच्या कॉन्टेक्स्टमध्ये 'डोमेन' या खान्यात जातो. १.१ च्या किरकोळ विक्रीत तिथे 'एनआयसी२००४:५२११०' असा राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा कोड होता; १.२ मध्ये 'ओएनडीसी:आरईटी१०', 'ओएनडीसी:आरईटी१२' असे त्यांचे स्वतःचे कोड आले. शहर 'एसटीडी:' आणि पुढे एसटीडी कोड असं, म्हणजे सोलापूरला ०२१७.

हे कोलनवाले कोड आरडीएफच्या प्रीफिक्ससारखे दिसतात, पण ते प्रीफिक्स नाहीत, मागे कुठला यूआरआय नाही. टर्टलमध्ये तसेच टाकले तर पार्सर 'प्रीफिक्स माहीत नाही' म्हणून थांबतो, ते बरंच. जेएसओएन-एलडी (जेएसओएनमध्ये लिहिलेलं आरडीएफ) मात्र थांबत नाही. ओळखीच्या जागी आलेल्या 'एसटीडी:०२१७' ला तो 'एसटीडी' नावाच्या स्कीमचा पूर्ण यूआरआय समजतो आणि मुकाट्याने पुढे नेतो. तुमच्याच 'विणकाम:' प्रीफिक्सची व्याख्या कॉन्टेक्स्टमध्ये राहून गेली तरी असंच होतं. म्हणून हे कोड साधा मजकूर म्हणून साठवा, आणि तुमचा कुठला वर्ग म्हणजे त्यांचा कुठला कोड याचा तक्ता रजिस्ट्रीबाहेर ॲडॉप्टरमध्ये ठेवा. कोड पुन्हा बदलले तरी तक्ताच बदलावा लागेल. एचएसएनचंही तसंच करा, टॉवेलचा ६३०२ हा गुणधर्माचा मजकूर, वर्गाचं नाव नव्हे.

---

बीम_बॉबिन

तर असं ठरवतोय. डब्ल्यू३आयडीवर एक नाव घेतो, नेमस्पेस 'एचटीटीपीएस://डब्ल्यू३आयडी.ऑर्ग/(आमचं नाव)/एनएस/विणकाम#', आवृत्ती नाही, शब्द रोमन, लेबल मराठी-तेलुगू-इंग्रजी. जुन्या डेटासाठी जुना आणि नवा शब्द 'आउल:इक्विव्हॅलंट प्रॉपर्टी' ने जोडून देतो, म्हणजे दोन्ही चालतील. आणि ओएसएलसी क्वेरी लिहिणाऱ्यांसाठी प्रोव्हायडरवर प्रीफिक्स डेफिनिशन देतो. बरोबर आहे का?

---

त्रिपद

नेमस्पेस चांगला आहे. जुन्या डेटाचा भाग मात्र असा चालणार नाही. इक्विव्हॅलंट प्रॉपर्टीचा उपयोग अनुमान काढणाऱ्या इंजिनलाच होतो. तुमचे क्लायंट साधे आहेत, ते फक्त यूआरआय जुळवून बघतात, त्यांना ते वाक्य दिसणारसुद्धा नाही. बदलाच्या काळात दोन्ही ट्रिपल (आरडीएफची तीन पदांची वाक्यं) प्रत्यक्ष लिहा: एकाच नोंदीला जुना आणि नवा दोन्ही 'आरडीएफ:टाइप', आणि प्रत्येक गुणधर्म दोन्ही नावांनी.

'ओएसएलसी:डोमेन' ला ही युक्ती लागू होत नाही, कारण सर्व्हिसवर तो एकदाच येतो. तिथे त्याच प्रोव्हायडरखाली दोन सर्व्हिस नोंदवा, एकीचा डोमेन जुना, दुसरीचा नवा, दोघींचा क्वेरी बेस तोच. जुन्या क्लायंटला पहिली सापडेल, नव्याला दुसरी. मग क्वेरी बेसवर येणाऱ्या विनंत्यांत कोण अजून जुन्या नेमस्पेसने विचारतंय ते लॉगमध्ये मोजा. महिना-अखेरीची बिलं, दिवाळीआधीची मोठी ऑर्डर असे एक-दोन फेरे जाऊ द्या, कारण काही स्क्रिप्ट तेवढ्याच वेळी चालतात. आकडा शून्यावर टिकला की आधी जुनी सर्व्हिस काढा, मग स्पार्कल अपडेटने (आरडीएफ डेटा बदलायच्या भाषेने) जुने ट्रिपल पुसा. पुसण्याआधी पूर्ण ग्राफची प्रत बाहेर काढून ठेवा.

नवी नोंदणी मात्र आजपासूनच नव्या नेमस्पेसवर घ्या. तिसरा कारखाना जुन्यावर चढू देऊ नका.

---

टर्टल_वाचक

एक राहिलं. प्रीफिक्स डेफिनिशनमध्ये 'ओएसएलसी:प्रीफिक्स' मध्ये 'विणकाम' आणि 'ओएसएलसी:प्रीफिक्सबेस' मध्ये पूर्ण नेमस्पेस, शेवटच्या हॅशसकट. आणि तो हॅश क्वेरीच्या 'ओएसएलसी.प्रीफिक्स' पॅरामीटरमध्ये जाताना '%२३' असा एन्कोड झाला पाहिजे. तसाच गेला तर हॅशपासून पुढची सगळी क्वेरी क्लायंटकडेच राहते, सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.